बेशरम उपटणेबाबत

सभा सुरू झाली सव्वाअकराला.
वेळ दहाची होती, पण बिसेनसाहेबांची गाडी
रेल्वे फाटकावर धानाच्या ट्रकांमागे अडकली,
म्हणून मी लिहिलं : ‘गणपूर्तीअभावी तहकूब, नंतर त्याच जागी.’
अशी वाक्यं मला झोपेतही येतात.
मी दुधराम नाकाडे, तांदूळ गिरणी मालक संघाचा लेखनिक,
एकोणीस वर्षं इतरांचं बोलणं सरळ करणारा.

टेबलाच्या तीन बाजूंना माणसं, चौथी भिंतीला.
एकीकडे संघ : सात खुर्च्या, दोन सोनेरी घड्याळं.
दुसरीकडे पुण्याचं प्रतिष्ठान :
ऋजुता मॅडम, एक लॅपटॉप, आणि एक मुलगा
जो तलावाला सारखा ‘जलसाठा’ म्हणत होता.
तिसरीकडे ढिवर सोसायटीच्या बायका,
तीन खुर्च्यांवर पाच जणी.

(तलाव कोहळ्यांनी बांधला. माझ्याच कुळानं.
ते लिहिलं नाही. विषयपत्रिकेत नव्हतं.)

ठराव एक : गाळ काढणे. यंत्र प्रतिष्ठानचं, डिझेल संघाचं.
ठराव दोन : पाळीवर फलक लावणे.
कोणाचं नाव वर, यावर चाळीस मिनिटं.
ठराव तीन पुढे ढकलला.
ठराव चार : तलावातील बेशरम मुळासकट उपटणे.
मी मोठ्यानं वाचलं आणि मागून कोणीतरी विचारलं,
‘नाव-गाव सांगा ना, कोन कोन हाय त्यात?’
खोली हसली. बिसेनसाहेब सगळ्यात जास्त.

मग भिंतीवर तक्ता उमटला. संस्था. योगदान.
प्रतिष्ठान : अकरा लाख आणि तंत्रज्ञान.
संघ : अडीच लाख.
ढिवर सोसायटी : पुढे पांढरं.
‘श्रमदान टाकू या?’ मुलगा म्हणाला, चांगल्या मनानं.

रेवता वलथरे उठली.
पदर खोचला, जणू कमरेएवढ्या पाण्यात उतरायचं आहे.
‘लिवा,’ म्हणाली.
गाद कुठं, चिला किती खोलात,
चौरा, परसूड, पोवन,
देवधान कोणत्या काठाले स्वतःहून उगवते,
मरळ कोणत्या गवताच्या आडोशाले पिल्लं राखते,
कोणतं गवत लावलं तं दाडक परत येईल, कोणतं लावलं तं नाई.
मुलाची बोटं थांबली.
मॅडमनी पेन काढलं.

‘आन् एक लिवा. साहेबाच्या खान्यात.
अडीच लाख खोडू नोका, राहू द्या.
त्याच्या खाली लिवा : उसन्याचा पानी.
मंगळवारी आन् शुक्रवारी, राती,
पिपळाजवळच्या नालीतून जो सुटते तो.
बेशरमले तोच तं मानवते.
उपटाल किती डाव?’

पंखा आधीपासूनच आवाज करत होता,
तो आत्ता ऐकू आला.
बिसेनसाहेब तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होते.
‘दुधराम, हे घेऊ नका.’

एकोणीस वर्षं मी घेतलं नाही.
वाक्य तयारच होतं, इस्त्री केलेलं :
‘सांडपाण्याबाबत सविस्तर चर्चा झाली.’
सविस्तर या शब्दाखाली
आख्खा तलाव बुजवता येतो.

मॅडमनी विचारलं, नाली कधी बंद होईल?
साहेब म्हणाले, पावसाळ्यानंतर बघू.
रेवता म्हणाली, पावसाळ्यातच तं सोडता, दिसू नाई म्हनून.
चहा आला. कोणी घेतला, कोणी नाही.
बिलाची नोंद : बावीस कप.

मी लिहिलं. तिच्याच अक्षरांत,
‘पानी’ला ‘पाणी’ केलं नाही.

पुढची सभा पंचवीस तारखेला.
विषय क्रमांक एक, नेहमीचाच :
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
वाचणारा मी.

काल संध्याकाळी पाळीवर उभं राहून वाचून पाहिलं,
खालच्या जांभळ्या बेशरमफुलांना.
कुठं अडखळलो नाही.
माझी माय असंच बोलायची.